रोगमुक्त शरीर, व्याधिग्रस्त मन



कोरोनाच्या काळात रोज सायंकाळी आकडे जाहीर होत असत. बाधित किती, मृत किती आणि बरे होऊन घरी गेलेले किती. हा तिसरा आकडा सर्वांनाच दिलासा देई. परंतु त्या तक्त्यात ‘बरा झाला’ याचा अर्थ एवढाच होता, की रुग्णाला ताप नाही, प्राणवायू लावावा लागत नाही आणि त्याच्यापासून इतरांना संसर्गाचे भय उरलेले नाही. त्याला रात्री झोप येते का, घरात तो पूर्वीसारखा बोलतो का, हे नोंदवणारा रकाना त्या तक्त्यात नव्हता. आजचा विषय त्या नसलेल्या रकान्याचा आहे.

इटलीतील मिलान शहरात २०२० साली एका रुग्णालयाने कोरोनातून वाचलेल्या ४०२ जणांची सुमारे महिनाभराने तपासणी केली. निम्म्याहून अधिक जणांत चिंता, नैराश्य, निद्रानाश किंवा आघाताच्या आठवणींनी पुनःपुन्हा व्याकूळ होणे, यांपैकी किमान एक लक्षण आढळले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात दोन लाख छत्तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सहा महिन्यांच्या आत सुमारे ३४ टक्के रुग्णांत मेंदूचा किंवा मनाचा काही ना काही विकार नोंदला गेला होता. साध्या फ्लूच्या रुग्णांपेक्षा हे प्रमाण स्पष्टपणे अधिक होते.

दुबळेपणा नव्हे, व्याधी

असे का व्हावे? ‘मन खंबीर नव्हते’, हे आपल्याकडचे सोपे उत्तर. वस्तुतः ते उत्तर नव्हेच. अतिदक्षता विभागातील रुग्णाला रात्र-दिवसाचे भान राहत नाही. प्राणवायूची कमतरता, गुंगीची औषधे, यंत्रांचे अखंड आवाज यांमुळे त्याला भास होतात. जुनी माणसे याला ‘वात झाला’ म्हणत. प्राण वाचवणारी स्टिरॉइडसारखी औषधेही झोप उडवतात, कधी मन सैरभैर करतात. भोवती वावरणारी माणसे नखशिखान्त झाकलेली. त्यांच्या सेवेत कसूर नव्हती, पण चेहरा दिसत नव्हता. घरचे कोणी भेटू शकत नव्हते. अखेर जुलै २०२० मध्ये, रुग्णांना कुटुंबीयांशी बोलण्यासाठी भ्रमणध्वनी वापरू द्यावा, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना कळवले. आप्तांचा आवाज हाही उपचाराचा भाग आहे, याची ती कबुलीच होती.

विलगीकरण आणि बहिष्कार

विलगीकरण आवश्यक होते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो विलगीकरणाचा बहिष्कार कसा झाला, हा. घराच्या दारावर फलक लागले, बरे होऊन आलेल्याला सोसायटीत मज्जाव झाला. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की सक्षम अधिकाऱ्याचा तसा विशेष आदेश असल्याखेरीज रुग्णाच्या दारावर फलक लावता येणार नाही.

बहिष्काराने रोगही आवरत नाही. १८९७ च्या पुण्यातील प्लेगमध्ये घरझडत्या आणि सक्तीच्या छावण्यांच्या धास्तीने लोक आपले रुग्ण लपवीत. सव्वाशे वर्षांनंतरही अनेकांनी ताप लपवला, तपासणी टाळली, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर झाला. ज्या समाजात रुग्ण म्हणून ओळखले जाणे रोगाहून भयंकर वाटते, तेथे रोग दडतो आणि दडलेला रोग पसरतो.

त्याच १८९७ साली पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. भय आणि करुणा, दोहोंची उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. कोणाचे अनुकरण करायचे, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते.

अपुरा राहिलेला शोक

सर्वांत खोल जखम याहून निराळी आहे. ‘माझ्यामुळे वडिलांना झाला’, हा विचार असंख्य घरांत आजही मुक्याने वावरतो. घरात रोग कोणी आणला, याचा छडा बहुधा कधीच लागत नाही. तरी जो वाचला तो स्वतःला आरोपी ठरवतो. त्यातच अंत्यदर्शन नाही, चार खांदे नाहीत. मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मृतदेहाला स्पर्श न करता मंत्रपठण करण्यास, पवित्र जल शिंपडण्यास परवानगी दिली होती. अस्थी आणि रक्षा यांपासून धोका नसल्याचेही सांगितले होते. पण भयापोटी तेवढेही अनेक ठिकाणी झाले नाही. आपले दशदिन, तेरावे, भेटायला येणारी माणसे, ही शोक वाहून नेण्याची समाजाने घडवलेली व्यवस्था आहे. ती मोडली, तेव्हा शोक मनातच साठून राहिला.

मग करावे काय?

प्रथम, उपदेश थांबवावा. ‘विसरून जा’ म्हटल्याने कोणी विसरत नाही. ऐकणारा माणूस हवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातील रस हरपला असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. मधुमेहाला औषध चालते, तर नैराश्याला का चालू नये? जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. परंतु क्षयरोग आपल्या वस्तीत आजही आहे. जगातील सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत. त्यांचे उपचार सामान्यतः किमान सहा महिने चालतात. मन खचले की गोळ्या सुटतात आणि गोळ्या सुटल्या की रोग औषधाला दाद देईनासा होतो. ‘निक्षय मित्र’ होऊन त्यांना पोषण आहार पोहोचवणारे अनेक कार्यकर्ते आहेत. त्यांच्याकडे एकच मागणे आहे. पिशवी दारात ठेवून परतू नये. खिडकी उघडावी, हवे तर मुखपट्टी लावावी, पण दहा मिनिटे बसावे आणि विचारावे, “रात्री झोप लागते ना?”