बातमी आणि बोभाटा



१८ ऑगस्ट २०२२ ची गोष्ट. दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. तीत ३ एके-४७ बंदुका आणि काडतुसे सापडली. संध्याकाळी ही बातमी आपल्या कापड्यात आली, ती मोठी होऊनच. एक म्हणाला, "गुरुजी, दहा माणसं उतरलीत म्हणे!" दुसरा म्हणाला, "घाट चढून गेलीसुद्धा!" खोटे कशाला बोला, त्या रात्री आम्हीही कडी दोनदा तपासली.

ही भीती उगाच नव्हती. १९९३ साली आपल्याच जिल्ह्यात, शेखाडीला, स्फोटके उतरली होती. पुढे १२ मार्चला मुंबईत १२ स्फोट झाले. २५७ माणसे गेली. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो.

बोटीची माहिती उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधानसभेत दिली. बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंची होती. ती मस्कतहून युरोपला निघाली होती. इंजिन बिघडले. माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवले. बोट वाहत इकडे आली. घातपाताचे चिन्ह दिसत नाही, पण तपास चालू आहे, असे त्यांनी सांगितले. जे कळले ते सांगितले, जे कळायचे होते तेही लपवले नाही. असे बोलणे चांगले.

१९९३ साली मुख्यमंत्री शरद पवार यांनी १२ चे १३ स्फोट सांगितले. तेरावा मशीद बंदरला, मुसलमान वस्तीत झाला, असे म्हटले. दंगल होऊ नये, हा हेतू. पुढे त्यांनीच हे उघड केले. हेतू चांगला, हे आम्हालाही पटते. पण शब्द एकदा फिरला की लोक पुढच्या वेळी खऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत. उद्या आपल्या डोंगरात दरडीचा इशारा आला आणि कोणी म्हणाले, "सरकार काय, सांगतंच असतं!" तर?

म्हणून बातमी आली की विचारावे : कोणी सांगितली? त्याने स्वतः पाहिले काय? आता काय करायचे आहे? संशयाची वस्तू दिसली तर हात लावू नये, ११२ वर फोन करावा. परक्या माणसावर धावून जाऊ नये. २०१८ साली धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुले पळवणारे समजून, जमावाने ५ निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. तिथेही आधी फक्त अफवाच आली होती.

तुम्ही आता वाचू लागला आहात. फोनवर आलेला मजकूर पुढे धाडण्याआधी स्वतः वाचा, मग ठरवा. अक्षर शिकलो ते याचसाठी.