ठेवायची कोणती?

नाणी जमवणाऱ्याला ‘आणखी एक’ म्हणता येतं. पिस्तुलांचा छंद असलेल्याला आपल्या देशात ती चैन नाही. परवानाधारकाला पूर्वी तीन अग्निशस्त्रं बाळगता येत. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि तीनची दोन झाली. वारशानं आलेलीही त्यातच मोजायची. तिसरं वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं.

माझ्याकडे तीन होती. आजोबांची बारा बोअरची बंदूक, वडिलांचं बर्मिंगहॅमचं वेब्ली अँड स्कॉट पिस्तूल आणि मी स्वतः घेतलेलं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं रिव्हॉल्व्हर. पिस्तुलाला जोड हवी म्हणूनच ते घेतलं होतं. एकात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये, दुसऱ्यात फिरत्या चक्रात. दोन्ही पॉइंट बत्तीसचीच, पण एकाचं काडतूस दुसऱ्याला चालत नाही. नव्यानं घेणाऱ्यांची इथं हमखास गफलत होते.

कानपूरचं रिव्हॉल्व्हर उद्या पुन्हा विकत मिळेल. वडिलांचं वेब्ली मिळणार नाही, आणि आजोबांची बंदूक तर नाहीच. म्हणजे मोठ्या हौसेनं जमवलेली जोडीच मोडायची! महिनाभर टाळाटाळ केली, मग रिव्हॉल्व्हर विक्रेत्याकडे देऊन पावती घेतली.

दुरुस्त करूनही उडणार नाहीत अशा पुराण्या शस्त्रांना कायद्यात सूट आहे. रिव्हॉल्व्हरच्या जागी आता नळी फुटलेलं एक ठासणीचं पिस्तूल ठेवलंय. घरात सगळ्यांना तेच जास्त आवडतं.