परमुलखांतील ब्रिटिश माणूस : त्याचा मुक्काम आणि त्याचा कर



आपल्याकडील नोकरदार पेन्शन घेऊन गांवाकडे परततो. विलायतेंतील नोकरदार पेन्शन घेतो आणि उन्हाच्या शोधांत दक्षिणेकडे निघतो. स्पेनचा भूमध्य किनारा, पोर्तुगालचा आल्गार्व्ह प्रांत, फ्रान्समधील दोर्दोन्यचा परिसर या ठिकाणीं ब्रिटिश पेन्शनरांचीं बिऱ्हाडें पुष्कळ. निघतांना ही मंडळी घराची किंमत, दवाखान्याची सोय, हवापाणी या सर्वांची बारकाईनें चौकशी करतात. मात्र आपण तेथें गेल्यावर कायद्याच्या दृष्टीनें नक्की कोणाचे रहिवासी ठरणार, हें विचारावयाचें बहुधा राहून जातें. आज अर्ध्या घटकेंत तोच प्रश्न मी आपणांपुढें मांडणार आहें. विषय रुक्ष आहे खरा. पण कित्येकांच्या म्हातारपणाची भाकरी त्यांत गुंतलेली आहे. शिवाय आपल्यापैकीं कांहींचे मुलगे-पुतणे लंडनास स्थायिक होऊन ब्रिटिश नागरिक झाले आहेत. त्यांनाही उद्यां लिस्बनचें ऊन खुणावूं लागेल.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. राहण्याची परवानगी हें एक खातें आणि कर देण्याची जबाबदारी हें दुसरें. या दोन खात्यांच्या वह्या निराळ्या, कारकून निराळे आणि दिवस मोजण्याची रीतही निराळी. लोकांची फसगत होते ती दोन्ही वह्या एकच समजल्यानें.

परवानगीचें खातें पाहूं. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटननें युरोपीय संघ सोडला, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला संक्रमणाची मुदत संपली. त्यापूर्वीं ब्रिटिश माणूस संघांतील कोणत्याही देशांत जवळजवळ आपल्याच मुलखांत फिरावें तसा जाऊन राहूं शकत असे. आतां व्हिसावांचून जाणाऱ्यास शेन्गेन नांवाच्या सामायिक क्षेत्रांत कोणत्याही १८० दिवसांपैकीं ९० दिवसच राहतां येतें. हे ९० दिवस प्रत्येक देशाचे वेगळे नव्हत. फ्रान्समध्यें ६० दिवस काढले तर स्पेनसाठीं ३० उरले. आणि १८० दिवस जानेवारीपासून मोजावयाचे नसून, ज्या दिवशीं हिशेब विचारला जाईल तो दिवस धरून मागें मोजावयाचे. पूर्वीं हें सारें पासपोर्टावरील शिक्क्यांवर चालत असे आणि एखादा पुसट शिक्का पुष्कळ कांहीं झांकून नेई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन यंत्रावर नोंद ठेवण्यास आरंभ झाला, त्यामुळें ती सोय गेली.

आतां कराचें खातें. येथें आंकडा येतो १८३ चा. एका सालांत १८३ दिवसांहून अधिक जो स्पेनमध्यें राहिला, तो कराच्या दृष्टीनें तेथील रहिवासी, आणि मग केवळ स्पेनमधील नव्हे तर साऱ्या जगांतील प्राप्ति त्यानें तेथें दाखवावयाची. कित्येकांनी यावरून उलट सिद्धान्त काढला, कीं १८३ च्या आंत राहिलें म्हणजे आपण मोकळे. तसें नाहीं. तुमच्या उद्योगाचें मुख्य केंद्र स्पेनमध्यें असेल तरी तुम्ही तेथील. बायको आणि अज्ञान मुलें तेथें राहत असतील, तर तुम्हीही तेथलेच असें गृहीत धरून तें खोडून काढण्याचा भार तुमच्यावर टाकतात. फ्रान्सचा कायदा तर दिवसांपूर्वीं बिऱ्हाड पाहतो. चूल कोठें पेटते, घरचीं माणसें कोठें जेवतात, हा त्याचा पहिला प्रश्न. मला हा प्रश्न आंकड्यापेक्षां अधिक शहाणपणाचा वाटतो. आणखी एक गोष्ट: व्हिसा नाहीं म्हणून कर नाहीं, असेंही होत नाहीं. मुदत संपूनही जो चोरून २०० दिवस राहिला, त्यास एक खातें घालवून देईल आणि दुसरें बिल पाठवील.

इकडे ब्रिटन आपल्या माणसास सहजासहजीं सोडतो असें नाहीं. ६ एप्रिल २०१३ पासून तेथें रहिवासाची कसोटी कायद्यानें ठरवून दिली आहे. आम्हां शाळामास्तरांस ती चटकन् समजावी, कारण तो हजेरीपटच आहे. फरक एवढाच कीं हजेरी मध्यरात्रीं लागते. सामान्यतः मध्यरात्रीं जो देशांत हजर, त्याचा तो दिवस भरला. मागील ३ वर्षांत जो केव्हांही ब्रिटनचा रहिवासी होता, त्याचे वर्षांत १६ पेक्षां कमी दिवस भरले तर तो सुटला. १८३ भरले तर अडकला. मधल्या दिवसांसाठीं धागेदोरे मोजतात: घर उघडें आहे काय, बायको-मुलें तेथें आहेत काय, काम तेथें करतो काय, मागील वर्षांत मुक्काम किती झाला. धागे जितके अधिक, तितके दिवस कमी परवडतात.

यांत वर्षाचा घोळ आहे तो निराळाच. स्पेनचें करवर्ष जानेवारींत सुरू होतें, ब्रिटनचें ६ एप्रिलला. या विचित्र तारखेचें मूळ १७५२ सालच्या पंचांगबदलांत आहे. त्या वर्षीं ११ दिवस गाळले गेले, परंतु तिजोरीनें आपलें वर्ष आखूड होऊं दिलें नाहीं. असो. समजा, एका गृहस्थानें मार्चमध्यें पेन्शनच्या फंडांतून चौथा हिस्सा एकरकमी उचलला. ब्रिटनमध्यें त्यावर सहसा कर नाहीं. जूनच्या १ तारखेस तो स्पेनला गेला आणि तेथेंच राहिला. डिसेंबरअखेर त्याचे २१४ दिवस भरले. ब्रिटन वर्षाचे दोन तुकडे करूं देतो; स्पेनच्या कायद्यांत ती सोय नाहीं. त्यामुळें मार्चची ती रक्कमही स्पेनच्या हिशेबांत ओढली जाण्याचा संभव असतो, आणि ब्रिटनची माफी स्पेन मानीत नाहीं. हाच गृहस्थ तीच रक्कम आदल्या डिसेंबरांत उचलता तर हा प्रश्न उद्भवता ना.

दोन्ही देशांनी एकाच माणसावर हक्क सांगितला, तर त्यांच्यामध्यें झालेला तह कामीं येतो. कायमचें घर कोठें, जिव्हाळ्याचे संबंध कोठें, नेहमींचें वास्तव्य कोठें, शेवटीं नागरिकत्व कोणतें, अशा पायऱ्यांनी निकाल लागतो. सरकारी नोकरीच्या पेन्शनवर सामान्यतः ब्रिटननेंच कर घ्यावयाचा असतो. पण वृद्धापकाळीं सर्वांनाच राज्याकडून मिळणारें जें पेन्शन, त्यावर जेथें राहतो तेथें कर. दोन्ही पैसे सरकारच देतें, म्हणून दोन्ही एकच असें समजून चुकणारे पुष्कळ.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा विषय घेतला, तिकडे वळतों. संघाचीं दारें उघडीं असतां स्पेनमध्यें वर्षानुवर्षें राहूनही नगरसभेच्या नोंदवहींत नांव न घालणारे ब्रिटिश लोक होते. नांव लागलें कीं मागोमाग करवाला येईल ही भीति. स्पेनमध्यें विचारलें तर आम्ही पाहुणे, ब्रिटनमध्यें विचारलें तर आम्ही परदेशस्थ. असा दोन्ही डगरींवर हात. २०२० साल आलें आणि नियम असा ठरला कीं, ३१ डिसेंबरपूर्वीं जे कायदेशीर रहिवासी होते त्यांचेच हक्क अबाधित. आतां ज्या नोंदीस ते चुकवीत होते, तोच कागद त्यांस शोधावा लागला. स्पेनमध्यें हक्क कायद्यानेंच मिळत होता, पुरावा तेवढा हवा होता. फ्रान्समध्यें मात्र ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत अर्ज करणें भाग होतें. यांतील सारेच लबाड होते असें मी म्हणणार नाहीं. कित्येकांस भाषा येत नव्हती आणि विचारावें कोणास हेंही ठाऊक नव्हतें. शिवाय सरकारेंही नेहमींच न्यायानें वागत नाहींत. परदेशांतील ५०,००० युरोंवरील मत्ता जाहीर न करणाऱ्यास स्पेननें कराच्या दीडपट दंड ठेविला होता. जानेवारी २०२२ मध्यें युरोपीय न्यायालयानें तो प्रमाणाबाहेर ठरविला. जाहीर करण्याचें कर्तव्य मात्र कायम राहिलें, आणि २०१७ पासून बँकांतील शिलकांची माहिती देशादेशांत आपोआप पोंचूं लागल्यानें लपविणेंही कठीण झालें.

सवलतींच्या मागें धांवणाऱ्यांची कथा पोर्तुगालांत पहावी. २००९ सालीं त्या देशानें नवागतांसाठीं दहा वर्षांची सवलत काढली, तींत परदेशी पेन्शनवर कांहींच कर नव्हता. २०२० मध्यें दहा टक्के बसला. २०२४ पासून, थोडे अपवाद सोडून, नव्यांसाठीं दारच मिटलें.

मृत्यूनंतरच्या करालाही आतां वास्तव्याचेंच माप लागतें. ६ एप्रिल २०२५ पासून, मागील २० वर्षांपैकीं १० वर्षें जो ब्रिटनचा रहिवासी होता, त्याच्या जगभरच्या मालमत्तेवर ब्रिटनचा वारसाकर लागूं शकतो, आणि देश सोडल्यावरही हें शेपूट ३ पासून १० वर्षांपर्यंत मागें राहतें. जन्मभर लंडनांत राहून सत्तराव्या वर्षीं मालागाला गेलेला माणूस ऐंशीच्या घरांत पोंचेपर्यंत ब्रिटनच्या त्या वहींतून सुटत नाहीं.