जिवाणूंची कणगी

सुगीच्या दिवसांत कणगी भरून ठेवावी, हे शहाणपण केवळ शेतकऱ्यालाच ठाऊक आहे असे नाही. मातीतील कित्येक जिवाणूही तसेच वागतात. साखरेसारखे अन्न विपुल, पण वाढीला लागणारा नायट्रोजन अपुरा, अशी वेळ आली म्हणजे ते उरलेल्या अन्नाचे कण करून देहात साठवितात. १९२६ साली पाश्चर संस्थेतील मोरीस लमवान्य यांनी या कणांतील द्रव्य ओळखले. ते वितळते, साच्यात घालता येते. म्हणजे ते प्लॅस्टिकच होय!

पुढे खनिज तेल स्वस्त मिळू लागले व हा शोध मागे पडला. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, तेव्हा त्याची पुन्हा आठवण झाली. इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने असे प्लॅस्टिक तयार केले आणि १९९० साली जर्मनीत त्याच्या शाम्पूच्या बाटल्या विक्रीस आल्या.

जिवाणूंनी साठविलेले जिवाणूच खातात. म्हणून हे प्लॅस्टिक मातीत हळूहळू विरून जाते. अडचण एकच, ते महाग पडते. परंतु स्वस्त पिशवीचा कचरा नदीनाल्यांत पिढ्यान्‌पिढ्या उरतो, त्याची किंमत दुकानदाराच्या पावतीवर लिहिलेली नसते. ती नातवंडांना भरावी लागते.