टनामागचा रुपया



शेतकऱ्यांनी आपल्या धंद्याच्या संस्थेसाठी मालामागे पट्टी द्यावी काय, हा आजचा विषय. कोणी म्हणेल, हा प्रश्न शिवारातला, पेठेत कशाला? परंतु उसाचे बिल लांबले की पेठेतील उधारीची वही जाड होते, हे आपणांस सांगावयास नको. त्या बिलातून काय जाते आणि कोठे जाते, हे पाहणे आपल्याही कामाचे आहे.

उदाहरण घरचेच घेऊ. १९७५ साली पुण्याजवळ मांजरी येथे सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभी केली. १९८९ साली वसंतदादा पाटील निवर्तले, त्यानंतर संस्थेस त्यांचे नाव मिळाले. गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखाने ह्या संस्थेस एक रुपया देतात. २०२५-२६ च्या हंगामास केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये किमान दर, म्हणजे आपण ज्याला एफआरपी म्हणतो तो, ठरविला. त्यापुढे एक रुपया तो काय! एकरी चाळीस टन ऊस काढणाऱ्याच्या हिशेबाने एकरास चाळीस रुपये.

हा रुपया असावा, असे आमचे मत आहे. उसाचे बेणे कुंपणात राहत नाही. आपल्याच जिल्ह्यातील पाडेगावच्या संशोधन केंद्राने २००७ साली ‘फुले २६५’ हा वाण दिला. एकाने लावला, शेजाऱ्याने त्याच्याकडून बेणे नेले, त्याच्याकडून पाहुण्याने नेले. संशोधनाचा खर्च कोणी केला, हे कोणी विचारले नाही. पाडेगावचे केंद्र १९३२ पासून सरकारी पैशावर चालत आले, म्हणून ते चालले. तेच काम शेतकऱ्यांच्या खुशीच्या वर्गणीवर सोपविले असते, तर दहाजणांनी भरावे आणि शंभरांनी बेणे न्यावे, असे झाले असते.

द्राक्षवाल्यांचे उदाहरण कोणी पुढे करील. त्यांचा महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० सालापासून सभासदांच्या बळावर उभा आहे, हे खरेच. पण द्राक्षबागेस छाटणीपासून काढणीपर्यंत पदोपदी सल्ला लागतो; बागायतदार आपल्या पायांनी संघाकडे येतो. उसाला तशी निकड जाणवत नाही. तेथे पट्टी सर्वांकडून आणि टनाच्या मापाने घेणे हेच न्यायाचे. ज्याचा ऊस अधिक त्याची पट्टी अधिक.

मग तक्रार कोठे आहे? ती रुपयाविषयी नाही, अधिकाराविषयी आहे. रुपया कारखाना भरतो, म्हणून शेतकऱ्यास तो दिसत नाही. संस्थेत कारखान्यांची माणसे बसतात, म्हणून त्याचा आवाज तेथे पोहोचत नाही. २०२५ साली ह्या रुपयाचा विनियोग तपासण्याचे शासनाने मनावर घेतले, तेव्हा राजकीय धुरळा पुष्कळ उडाला. कोणाचा हेतू काय होता, ह्यात आम्ही शिरत नाही. पण हिशेब मागितला की राजकारण होते, ही स्थितीच बरी नव्हे. हिशेब मागण्यापूर्वीच ज्याचा रुपया त्याच्या हाती तो पडला पाहिजे.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट घडली. पूरग्रस्तांच्या मदतीसाठी आणि मुख्यमंत्री सहायता निधीसाठी टनामागे पंधरा रुपये घेण्याचे ठरले. शेतकरी संघटनांनी ओरड केली, तेव्हा हे पैसे शेतकऱ्यांच्या दरातून नव्हे, कारखान्यांच्या नफ्यातून आहेत, असा खुलासा झाला. पण सहकारी कारखान्याचा नफा तरी कोणाचा? सभासदाचाच! पूरग्रस्तांस मदत झालीच पाहिजे; परंतु ते सर्व समाजाचे कर्तव्य आहे, एकट्या ऊसवाल्याचे नव्हे. धंद्याची पट्टी धंद्याच्याच कामी यावी. एकदा टनामागे कापण्याची वाट पडली की त्या वाटेने कोणीही येऊ लागतो.

ऑस्ट्रेलियात ऊस संशोधनासाठी टनामागे सत्तर सेंटची पट्टी बसली, तेव्हा निम्मी शेतकऱ्याने आणि निम्मी कारखान्याने द्यावी, असे ठरले. आपला वाटा किती, हे तेथे शेतकऱ्यास ठाऊक असते. तेथील लोकर उत्पादक तर दर तीन वर्षांनी मतदान करून आपल्या पट्टीचा दर स्वतः ठरवितात.

आपण निदान तीन गोष्टी मागू या. पहिली, हा रुपया उसाच्या बिलावर वेगळ्या ओळीत छापावा. दुसरी, संस्थेचा वर्षाचा जमाखर्च सोप्या मराठीत प्रत्येक ऊस उत्पादकास मिळावा. तिसरी, ठराविक वर्षांनी पट्टीवर मत घ्यावे, आणि ते मत भागधारकास नव्हे, ऊस घालणाऱ्यास असावे; कारण खासगी कारखान्यास ऊस घालणाऱ्याला वार्षिक सभासुद्धा नसते.

रुपया देण्यास आमचा शेतकरी कधी कचरला नाही. शेअरचे पैसे भरून त्याने कारखाने उभे केले. त्याला दाता म्हणून वागविले, तर तो उद्या दोन रुपयेही देईल. त्याला न विचारता कापून घेतले, तर एक रुपयाही त्याला जड होईल, आणि मग उत्तम संस्थेवरचाही त्याचा विश्वास उडेल. तो एकदा उडाला की रुपयांनी भरून निघत नाही.