मूळ प्रत हातची सोडू नका

आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाचनालयांचे कार्यकर्ते भेटले, की एकच विचारतात: ‘आमची पुस्तकं ऑनलाइन कशी चढवायची?’ माजलगावचे विचारतात, पाटोद्याचेही विचारतात. म्हणून आज त्यावरच बोलते.

पुस्तकांची यादी सगळ्यांना बघता यावी, वाचकांना त्यावर अभिप्राय लिहिता यावा, यासाठी लायब्ररीथिंग, गुडरीड्स अशी संकेतस्थळं आहेत. लायब्ररीथिंग २००५ साली सुरू झालं आणि २०२० पासून मोफत आहे. खातं उघडा, पुस्तकाच्या मागचा ९७८ ने सुरू होणारा आयएसबीएन क्रमांक टाका. नोंद असेल तर ती आयती मिळते. जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक नसतो. तिथं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष हातानं भरा, आणि देवनागरीत भरा. मग विषयाचे टॅग लावा: संतसाहित्य, शेती, स्पर्धा परीक्षा. कोणता शब्द वापरायचा ते आधी ठरवा. एकानं ‘शेती’ लिहिलं आणि दुसऱ्यानं ‘कृषी’, तर शोधणाऱ्याला अर्धीच पुस्तकं दिसतील.

मुखपृष्ठाचा फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल पुस्तकाला समांतर धरून काढा. फाइलला पुस्तकाचा दाखल नोंदवहीतला क्रमांक द्या, म्हणजे पुढं शोधाशोध नाही. कडा कापणं, सरळ करणं, उजेड वाढवणं मोबाइलमध्येच जमतं. पण त्याआधी फोटोची दुसरी प्रत करा आणि जे काय करायचं ते त्या प्रतीवर करा.

माझं कळकळीचं सांगणं इथंच आहे. मूळ प्रत हातची सोडू नका. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो बारीक होऊन पोचतो, अक्षरं पुसट होतात. तो मग ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि पाठवला म्हणून मोबाइलमधला मूळ फोटो काढून टाकू नका. संकेतस्थळावर चढवला म्हणजे कायमचा राहिला, असंही समजू नका. शेल्फारी नावाचं पुस्तकयाद्यांचं संकेतस्थळ होतं, ते २०१६ मध्ये बंद झालं. फ्लिकरनं २०१९ मध्ये मोफत खात्यांना हजार फोटोंची मर्यादा घातली. मालक तिकडचे, निर्णयही तिकडचे. म्हणून दर महिन्याला आपली यादी ‘एक्स्पोर्ट’ करून उतरवून घ्या. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, एक संगणकावर.

आणि ती दाखल नोंदवही! ‘मॅडम, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, जुनी वही रद्दीत देऊ का?’ असं विचारलं की मला खरंच राग येतो. अहो, कोणतं पुस्तक कधी आलं, किती किमतीचं, कुणी भेट दिलं, हे त्या वहीत तुमच्या आधीच्या माणसांनी हातानं लिहून ठेवलंय. तपासणीला कुणी आलं तर काय दाखवाल? अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर लिहिलेलं ‘पंचीकरण’ चारशे वर्षं जपलं गेलं, म्हणून आज त्या पासोडीचा फोटो काढता येतो. फोटो निघाला म्हणून पासोडी कुणी टाकून देईल का? वहीचंही तसंच. तिच्या पानांचे फोटो जरूर काढा, पण वही कपाटात सुरक्षित ठेवा.

बाकी दोनच सूचना. पुस्तकाची आतली पानं चढवू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्यावर स्वामित्वहक्क असतो. वाचकांची नावं आणि फोन नंबर असलेल्या रजिस्टरचा फोटो तर कधीच टाकू नका.

हे अवघड वाटून थांबू नका. तुमच्याकडं अभ्यासाला येणाऱ्या मुलामुलींना मोबाइल चांगला येतो आणि पुस्तकांची माहिती तुम्हाला आहे. त्यांना शेजारी बसवा. एका कपाटापासून सुरुवात करा आणि पहिल्याच दिवशी, उठण्याआधी, यादीची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या.