मस्तकातील कोठड्या आणि एक फुगा

कोलकात्यात कार्तिक सरत आला की माणसांच्या डोक्यांवर लोकरी टोप्या दिसू लागतात. मुंबईकराला ज्या हवेत पंखा बंद करावासाही वाटणार नाही, त्या हवेत बंगाली गृहस्थ कान, कपाळ आणि हनुवटी झाकून बसची वाट पाहत उभा असतो. नव्याने बदली होऊन आलेला मराठी माणूस पहिल्या वर्षी या टोपीला हसतो. तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात तोच हजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात चोंदलेल्या नाकाने बोलताना आढळला, तर त्यात नवल नाही.

हिवाळ्यात वारा पडतो, थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि या सखल शहरावर धूर रेंगाळत राहतो. तक्रार जुनी आहे. धुराच्या उपद्रवाविरुद्ध बंगालमध्ये 1905 साली स्वतंत्र कायदाच करावा लागला होता. घरोघरच्या कोळशाच्या चुली आता मागे पडल्या. परंतु मोटारींचा धूर आणि बांधकामांची धूळ यांनी त्यांची उणीव भासू दिलेली नाही. अशा हवेत सर्दी लांबते, कपाळ जड होते, गालामागे ठणका लागतो आणि रुग्ण आपले निदान आपणच सांगून मोकळा होतो : ‘मला सायनस आहे.’

वास्तविक सायनस सर्वांनाच असतात. दोन्ही गालांच्या हाडांत, भुवयांवर कपाळात, डोळ्यांच्या मधल्या भागात आणि त्यामागे कवटीच्या तळाशी ज्या हवेने भरलेल्या कोठड्या आहेत, त्यांचेच हे नाव. यांतील सर्वांत मोठी कोठडी गालातली. तीत चहाचे तीन चमचे पाणी मावेल. मात्र तिचे दार अवघे काही मिलिमीटरांचे. आतील ओलसर अस्तरावरचा चिकट द्रव धूळ आणि जंतू धरून ठेवतो, आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म लोम एकसारखे हलत राहून तो द्रव दाराकडे ढकलतात. गंमत अशी की, गालातील कोठडीचे हे दार तळाशी नसून वर, छताच्या बाजूला आहे. घर बांधताना मोरीचे तोंड कोणी वर ठेवले, तर त्या गवंड्याला कोणी पुन्हा बोलावणार नाही. परंतु लोमांना उताराची गरज लागत नाही. ते द्रव चढावर नेतात. दाराभोवतालचे अस्तर सुजले म्हणजे वाट बंद होते, द्रव आत साचतो आणि पुढची दुखणी सुरू होतात.

ही गोष्ट शल्यविशारदांच्या ध्यानात यावयास फार काळ लागला. 1893 साली न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेलने आणि 1897 साली पॅरिसच्या हेन्री ल्यूकने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच उपाय सुचविला. वरच्या ओठाखाली छेद घ्यावा, हाड फोडून कोठडीत शिरावे, बिघडलेले अस्तर खरवडावे आणि तळाशी नाकात उघडणारे नवे भोक पाडावे. हा हिशेब कोणालाही पटण्यासारखा होता आणि दोन पिढ्यांनी तो मानलाही. पुष्कळ रुग्ण तरीही बरे झाले नाहीत. ते का, याचा उलगडा ऑस्ट्रियातील ग्राझ येथील वाल्टर मेसरक्लिंगर यांच्या संशोधनाने झाला. तळाशी नवे भोक असले तरी द्रव त्याला वळसा घालून जुन्याच दाराकडे जातो, असे त्यांना आढळले. कचेरीत नवी खिडकी उघडावी आणि लोकांनी तरीही जुन्याच कारकुनाच्या टेबलाशी रांग धरावी, तसाच हा प्रकार. तेव्हा करावयाचे ते एवढेच, की जुने दार मोकळे करावे. बारीक दुर्बिणीतून नाकात पाहून करावयाची शस्त्रक्रिया या विचारातून वाढली आणि 1985 नंतर ती जगभर पसरली. तीत दाराजवळची हाडे आणि अस्तर बेताने कापून काढतात.

हेच काम न कापता करता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर हृदयरोगतज्ज्ञांकडून उसने घेतलेले आहे. झुरिक येथे 1977 साली अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी हृदयाची आकसलेली रोहिणी आत इवलासा फुगा फुगवून रुंद केली होती. नाकासाठी तशाच फुग्याला अमेरिकेत 2005 साली परवानगी मिळाली. नाकपुडीतून एक लवचिक तार कोठडीत सरकवितात. तिच्या टोकाला दिवा असल्यास त्याचा उजेड गालाच्या किंवा कपाळाच्या त्वचेतून बाहेर दिसतो आणि तार योग्य जागी पोहोचल्याची खूण पटते. तारेवरून मिटलेला फुगा दारात नेऊन पाण्याने काही सेकंद जोरात फुगवितात. दाराभोवतीचे नाजूक हाड किंचित मोडून बाजूला सरते. मग फुगा मिटवून काढून घेतात आणि कोठडी धुतात. आत काहीच ठेवलेले नसते. अनेकदा नाक बधिर करून भागते.

कोलकात्यात खासगी रुग्णालयांतून ही सोय आता मिळते. साधन एकदाच वापरून टाकावयाचे असल्याने खर्च मोठा येतो आणि म्हणूनच ‘हा फुगा कोणासाठी?’ हे विचारणे भाग आहे. गालाच्या मर्यादित दुखण्यात फुगा आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची अमेरिकेत झालेली तुलना 2013 साली प्रसिद्ध झाली, तीत फुगा उणा पडला नाही. ही चाचणी फुगे बनविणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने झाली होती, हेही सांगितले पाहिजे. पुढे 2018 साली तेथील नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने स्पष्ट मत दिले : सी. टी. स्कॅनमध्ये दोष दिसत नसेल, तर फुगा वापरू नये. नुसत्या डोकेदुखीसाठी तर नाहीच. ज्याला लोक सायनसची डोकेदुखी म्हणतात, ती पुष्कळदा अर्धशिशी निघते. अर्धशिशीवर नाकातले दार रुंद करून काय होणार?

डोळ्यांच्या मधल्या भागातील कोठड्या मधाच्या पोळ्यासारख्या आहेत. त्यांना एक दार नाही, त्यामुळे तेथे फुग्याचा उपयोग नाही. नाकात मोड वाढले असतील तर तेही फुग्याने जात नाहीत, आणि वास जाण्याचे कारण बहुधा हे मोडच असतात. पौषात घरात नोलेन गूळ आला आणि त्याचा सुगंध सर्वांना येऊन एकट्याला येत नसेल, तर त्याने फुग्यावर भिस्त ठेवू नये.

दुर्गंधीयुक्त स्राव एकाच नाकपुडीतून येत असेल, तर दात तपासून घ्यावेत. वरच्या दाढांची मुळे गालातील कोठडीच्या तळाला भिडलेली असतात आणि किडलेल्या दाढेचा पू तेथे उतरण्याऐवजी चढतो. भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय 1920 साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी याच शहरात काढले; तेव्हा कोलकातावासीयाला त्यासाठी दूर जावयास नको.

बारा आठवड्यांहून अधिक दुखणे टिकले, तरच ते जुनाट म्हणावयाचे. त्यावरही पहिला उपाय स्वस्तच आहे. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवावे. हठयोग्यांची नेती ती हीच. पाणी मात्र उकळून निवविलेले हवे, कारण न उकळलेल्या पाण्यातील एक अमीबा क्वचित नाकावाटे मेंदूत पोहोचतो आणि तो प्रसंग प्राणावर बेततो. जोडीला वैद्याने दिलेला फवारा नियमाने घ्यावा. एवढे करूनही ज्याच्या कपाळातील अथवा गालातील कोठडी चित्रात तुंबलेलीच दिसते, त्याच्यासाठी हा फुगा आहे. तो बहुधा त्याच संध्याकाळी घरी जातो, दोन-चार दिवस नाकातून थोडे रक्त येते. नाक धुणे पुढेही चालू ठेवावे लागते, कारण दार रुंद झाले तरी बाहेरचा धूर तोच असतो.